डिझेल हीटर बदलूनही फ्यूज उडतोच: कपलर, थर्मोस्टॅट आणि बर्फाची चाचणी

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. गाडी पिंपळगाव-लासलगावहून कांदा नाहीतर द्राक्षं भरून वर जाते. दिल्लीपर्यंत काही नाही, पंजाबात काही नाही. जम्मू सोडून रामबन-बनिहालच्या बाजूला रात्री मुक्काम पडला की सकाळी खेळ सुरू. सेल्फ व्यवस्थित फिरतो, इंजिन चालू होतं, आयडलला शहाण्यासारखं बसतं. दहा-पंधरा मिनिटांनी चढ लागला की दम सोडतं. ॲक्सिलरेटर जमिनीला टेकवला तरी गाडी ओढत नाही, मागून पांढरा धूर, आणि मग बंद. दुपारी ऊन वर आलं की तीच गाडी कुणी हात न लावता पळायला लागते. तिथला मिस्त्री फिल्टर बदलतो, फिल्टरजवळ डिझेल गरम ठेवणाऱ्या हीटरचा फ्यूज उडालेला दिसतो, म्हणून हीटरही बदलतो. बिल होतं, गाडी परत येते. पुढच्या खेपेला फ्यूज पुन्हा उडालेला.

हे जे ‘पुन्हा’ आहे त्यावरच लिहितोय. हीटर बदलणं फार अवघड नाही, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पण जुना हीटर का गेला हे न बघता नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. माझ्यासमोर जे जळके हीटर येतात त्यांतल्या बऱ्याचशांमध्ये आतला एलिमेंट शाबूत असतो. मेलेला असतो तो कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग, नाहीतर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून चालू-बंद होणारा स्विच. आणि गंमत म्हणजे तो मरतो इथे, नाशिकच्या उन्हात. काश्मीरमध्ये फक्त कळतं.

आधी ठरवा: मेण, पाणी की हवा

डिझेलमध्ये पॅराफिन म्हणजे मेण असतंच. तापमान उतरलं की त्याचे बारीक कण तयार होतात, डिझेल ढगाळ दिसतं, आणि ते कण फिल्टरच्या कागदावर जाऊन बसतात. टाकीतलं डिझेल ओतता येईल इतकं पातळ असलं तरी फिल्टर चोक झालेला असतो. म्हणून टाकीचं झाकण उघडून ‘डिझेल तर पातळ आहे’ म्हणण्यात अर्थ नाही.

आपल्याकडच्या डिझेलचं मानक आहे आयएस १४६०. त्यात कोल्ड फिल्टर प्लगिंग पॉइंट नावाचा आकडा दिलेला असतो, म्हणजे ज्या तापमानाला फिल्टर तुंबायला लागतो ते तापमान. हिवाळ्याच्या डिझेलसाठी तो जास्तीत जास्त ६ अंश आणि उन्हाळ्याच्या डिझेलसाठी जास्तीत जास्त १८ अंश सेल्सिअस. हिवाळी मर्यादा नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि तीही मध्य व उत्तर भारतातल्या मैदानी भागासाठी. या वरच्या मर्यादा आहेत, पंपावरचं डिझेल त्याहून चांगलं असू शकतं. पण चांगलं असेलच असं धरून उणे पाच अंशांत रात्र काढायची नसते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल काढलं, ते काही उगाच नाही.

आता गणित बघा. तीनशे-चारशे लिटरची टाकी, मालकाचा हुकूम ‘जिथे भाव कमी तिथे फुल कर’. वाटेत भरलेल्या डिझेलची अर्धी टाकी घेऊन गाडी जम्मूत पोचते. बाहेर काश्मीरची थंडी, टाकीत मैदानातलं डिझेल. अशा वेळी हीटर नसेल तर फिल्टर तुंबणारच.

तरीही दर वेळी मेणच असतं असं नाही. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरच्या खालचा ड्रेन कॉक उघडून पाण्याच्या पारदर्शक बाटलीत पाव लिटर डिझेल काढा आणि दोन मिनिटं ठेवा. खाली स्वच्छ वेगळा थर बसला तर पाणी. डिझेल धुरकट, तुपासारखं साकळलेलं दिसलं तर बाटली कोमट पाण्यात धरा. धुरकटपणा गेला तर ते मेण. बाटलीत डिझेल लख्ख आणि तरीही गाडी बंद पडते, शिवाय हाच त्रास कधीतरी इथेही सकाळी सुरू करताना होतो, तर लाइन हवा घेतेय. हवेचा त्रास थंडी बघून येत नाही, मेणाचा थंडीशिवाय येत नाही. ड्रायव्हरला एवढं एक विचारलं तरी निम्मं काम होतं: ‘दादा, दुपारी आपोआप बरी झाली का?’

ड्रेन कॉकमधून काहीच आलं नाही तर आत पाण्याचा बर्फ झालाय. मेणासारखाच तोही डिझेल अडवतो, विशेषतः ज्या गाडीचं पाणी महिनोन् महिने काढलेलं नसतं तिथे.

हीटर मीटरला फसवतो

आजकालच्या ट्रकमध्ये हीटर बहुतेक प्री-फिल्टरच्या (मुख्य फिल्टरच्या आधीच्या फिल्टरच्या) डोक्यात किंवा वॉटर सेपरेटरच्या वाटीत असतो. आतला एलिमेंट पीटीसी जातीचा. थंड असताना त्याचा रेझिस्टन्स कमी, म्हणून करंट भरपूर घेतो. गरम झाला की रेझिस्टन्स वाढतो आणि करंट आपोआप उतरतो. त्याच्या जोडीला बऱ्याच हीटरमध्ये एक छोटा थर्मोस्टॅट असतो. अमेरिकेतल्या डॉज रॅम पिकअपवर जे ५.९ लिटर कमिन्स इंजिन यायचं, त्याचा हीटर साधारण ७ अंशांच्या खाली चालू होतो आणि पंचविशीच्या आसपास बंद होतो. आपल्याकडच्या गाड्यांत आकडे थोडे इकडे-तिकडे, पण तत्त्व तेच.

याचा अर्थ असा, की नाशिकमध्ये ३२ अंशांत तुम्ही हीटर काढून त्याच्या पिनांवर मल्टिमीटर लावला तर चांगला हीटरही ‘ओपन’, म्हणजे आतून तुटलेला, दाखवतो. थर्मोस्टॅट उघडा असतो, तो उघडाच असायला हवा. लोक म्हणतात हीटर गेला. मग दुकानात नवा हीटर काउंटरवर मीटरला लावून बघतात, तोही ओपन, आणि दुकानदाराशी वाद: ‘अहो शेठ, गेलेला माल देता का?’ दुकानदारालाही उत्तर माहीत नसतं.

ज्या हीटरमध्ये थर्मोस्टॅट नाही, म्हणजे गाडीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रिले नावाच्या विजेवर चालणाऱ्या स्विचतर्फे त्याला चालू-बंद करतो, तो मात्र साध्या तापमानालाही काही ओहम दाखवतो आणि तेच बरोबर. त्यामुळे आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे हे वायरिंग डायग्राममध्ये बघितल्याशिवाय निकाल देऊ नका. ईसीयूवाल्या गाडीत आणखी एक गोंधळ असा, की उकाड्यात रिले टिकच करत नाही. तिथे लोक रिले बदलतात, मग फ्यूज बॉक्स उघडतात, शेवटी ईसीयूवर बोट ठेवतात. डिझेल गरम आहे म्हणून ईसीयू करंट देत नाही, इतकं साधं असतं.

फ्यूज कोण उडवतं

चार संशयित आहेत. पहिला कपलर, आणि त्याच्यावरच मला जास्त बोलायचंय.

हीटर २४ व्होल्टवर साधारण २४० वॉटचा धरा. म्हणजे १० अँपिअर. कपलरच्या पिनेवर हिरवट गंज चढला, किंवा पीन सैल झाली, की तिथे थोडा रेझिस्टन्स तयार होतो. समजा फक्त ०.२ ओहम. मीटरच्या वायरींचाच तेवढा असतो, त्यामुळे मीटरला तो दिसतही नाही. पण १० अँपिअर त्यातून गेले की त्या एका पिनेवर २० वॉट उष्णता होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि ती प्लॅस्टिकच्या कपलरच्या आत. प्लॅस्टिक मऊ पडतं, पीन कलते, स्प्रिंगची पकड जाते, रेझिस्टन्स आणखी वाढतो. एक दिवस कललेली पीन शेजारच्या पिनेला किंवा बॉडीला टेकते आणि फ्यूज जातो. १२ व्होल्टच्या पिकअपमध्ये तर तेवढ्याच वॉटला करंट दुप्पट, म्हणून तिथे कपलर आणखी लवकर जळतो.

जळलेला कपलर मीटरशिवायही ओळखू येतो, पण काढून बघावा लागतो. लॉक टिचकीसरशी निघत नाही, ओढायला लागतो. आत एका बाजूचं काळं किंवा पांढरं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं असतं, पिनेची चकाकी गेलेली, आणि वायरचं इन्सुलेशन पिनेपासून बोटभर अंतरापर्यंत कडक झालेलं. ती वायर वाकवून बघा. नवी वायर मऊ वाकते, ही खडखडीत वाकते. तिथपर्यंत ती आतून काळी पडलेली असते. नवा हीटर आणि जुना कपलर हे लग्न टिकत नाही. तरी बहुतेक ठिकाणी नेमकं तेच होतं, कारण बॉक्समध्ये हीटर एकटाच येतो आणि कपलर वेगळा मागवावा लागतो.

गंज कुठून येतो? धुलाई केंद्रावरून. प्रेशरचं पाणी थेट फिल्टरवर मारतात. कपलरचं रबरी सील एकदा फाटलं की पाणी आत जातं आणि निघायला वाट नसते.

दुसरा संशयित म्हणजे चिकटलेला थर्मोस्टॅट. तो उघडलाच नाही तर हीटर बाराही महिने, चावी चालू असेपर्यंत करंट घेत राहतो. पीटीसीमुळे एलिमेंट स्वतःला सांभाळतो, पण कपलर बारा महिने भाजत राहतो. गाडी मे महिन्यात मराठवाड्यात फिरतेय आणि हीटर चालू, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. थंडीच्या पहिल्या खेपेपर्यंत कपलर तयार असतो. म्हणूनच म्हटलं, मरतो इथे.

तिसरा, सेपरेटरच्या तळाचं पाणी आणि गाळ. हीटर वाटीच्या तळाला असेल आणि पाणी काढलेलंच नसेल तर त्याची टर्मिनलं आतून गंजतात, एलिमेंट बॉडीला शॉर्ट होतो. याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे फोर्डचं ७.३ लिटर पॉवर स्ट्रोक इंजिन. त्यात हीटर फिल्टरच्या वाटीत असतो. तो शॉर्ट झाला की फ्यूज उडतो, आणि इंजिनच्या कॉम्प्युटरची वीजही त्याच फ्यूजवरून येत असल्याने धावती गाडी जागेवर बंद. तिकडचे कित्येक मालक कपलर काढून टाकतात, नवा फ्यूज लावतात आणि गाडी चालवत राहतात. आपल्या गाडीत हीटरचा फ्यूज आणखी कशाकशाला वीज देतो हे म्हणूनच आधी बघून ठेवा. रस्त्यात अडकलात तर पहिला उपाय तोच: हीटरचा कपलर काढा, फ्यूज लावा, सेल्फ मारा.

चौथा, घासलेली वायर. चासीच्या क्लॅम्पखाली, गिअरबॉक्सजवळच्या ब्रॅकेटवर, किंवा कुणीतरी मागच्या दुरुस्तीत टायने आवळलेल्या जागी.

फ्यूजच्या जागी बल्ब

कुठला संशयित, हे ठरवायला फ्यूजचं पाकीट संपवू नका. हीटरचा कपलर काढा. फ्यूजच्या खाचेत २४ व्होल्टचा हेडलाइटचा जुना बल्ब दोन वायरींनी जोडा. चावी चालू करा. ईसीयूवाली गाडी असेल आणि रिले उठत नसेल तर रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ नंबरच्या खाचा वायरने जोडा. हीटर जोडलेला नाही, तरी बल्ब लख्ख पेटला तर वायरिंगमध्येच शॉर्ट आहे. आता बल्बकडे नजर ठेवून वायरिंग फ्यूज बॉक्सपासून फिल्टरपर्यंत हाताने हलवत जा. जिथे हलवल्यावर बल्ब विझतो किंवा मिणमिणतो, तिथे टेप सोडा.

बल्ब पेटलाच नाही तर वायरिंग शुद्ध. मग हीटर जोडा. ऊन असताना थर्मोस्टॅटवाला हीटर जोडल्यावरही बल्ब अंधारातच राहायला हवा. थोडासाही पेटला तर थर्मोस्टॅट चिकटलाय. पूर्ण लख्ख पेटला तर त्याच्या जोडीला आत शॉर्टचीही शंका घ्या. हीटर वेगळा काढून त्याची प्रत्येक पीन आणि धातूची बॉडी यांच्यामध्ये मीटर लावा. ज्या हीटरची अर्थ बॉडीतूनच जाते तो सोडला तर तिथे काहीही दाखवता कामा नये.

अर्थ कधीच विसरू नका. प्लसची वायर सगळे तपासतात, अर्थचा बोल्ट कुणी सोडत नाही. चासीवर रंग आणि गंजाच्या थरावर बसवलेली अर्थ दहा अँपिअरला दीड-दोन व्होल्ट खाऊन टाकते, हीटर अर्धवट तापतो आणि ड्रायव्हर म्हणतो हीटर चालू असूनही गाडी गोठते. हीटर चालू असताना त्याच्या अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मीटर व्होल्टवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर ठीक, वर गेलं तर बोल्ट सोडून पत्रा घासून घ्या.

बर्फाची चाचणी

ही महाराष्ट्रात बसून हीटर तपासायची एकमेव भरवशाची पद्धत आहे. खर्च दहा-वीस रुपयांचा बर्फ.

हीटर काढा, डिझेल पुसून घ्या. दोन वायरी पिनांना घट्ट लावा, हीटर प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत घालून पिशवीचं तोंड वायरींसकट बांधा. पिशवी बर्फ आणि थोडं पाणी घातलेल्या बादलीत बुडवा. कोरडा बर्फाचा चुरा नको, पाणी असलं की थंडी सगळीकडून लागते. वीस मिनिटं तरी थांबा. हे महत्त्वाचं, कारण आतल्या थर्मोस्टॅटपर्यंत गारवा पोचायला वेळ लागतो आणि लोक पाच मिनिटांत मीटर लावून मोकळे होतात. मीटर ओहमवर ठेवून बघत राहिलात तर एका क्षणी आकडा ओपनवरून उडी मारून काही ओहमवर येतो. शांत जागी असाल तर थर्मोस्टॅटचा बारीक ‘टक्’ ऐकूही येतो.

आता तीच पिशवी कोमट पाण्यात टाका, हाताला सोसेल इतक्या गरम. आकडा परत ओपन व्हायला हवा. दोन्ही झालं तर हीटर चांगला आहे, मग तो कितीही जुना दिसो. बर्फात जुळला नाही तर मेला. कोमट पाण्यात सुटला नाही तर चिकटला, म्हणजे तो कपलर जाळणारा. थर्मोस्टॅट नसलेल्या हीटरला ही उडी दिसणार नाही, त्याचा आकडा फक्त हळूहळू सरकेल.

पुढची पायरी करंटची. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर बर्फातला हीटर फ्यूज लावलेल्या वायरीने बॅटरीला जोडा आणि एकाच वायरीवर क्लॅम्प धरा. पहिल्या क्षणी आकडा मोठा येतो, मग उतरत जातो. उतरणं ही पीटीसी जिवंत असल्याची खूण. काही सेकंदांत पुरे करा, आणि हे काम डिझेलच्या ट्रेपासून लांब. डिझेलने माखलेल्या हाताने बॅटरीवर ठिणगी काढायची हौस कुणालाच नको.

नवा आणलेला हीटरही बसवण्याआधी याच बादलीतून काढा.

बदलताना

चावी बंद केल्या केल्या कट-ऑफ स्विच पाडू नका. बीएस-६ गाडीत चावी बंद झाल्यावर धूर शुद्ध करणाऱ्या युरियाचा पंप लाइनमधला युरिया परत ओढून घेतो, त्याला दोन मिनिटं द्या. नाहीतर डिझेलचं काम करायला गेलात आणि युरियाच्या लाइनचं दुखणं घेऊन आलात.

फिल्टरभोवतीची जागा आधी धुऊन पुसून घ्या, उघडल्यावर नाही. कॉमन रेल, म्हणजे आजच्या जास्त दाबाच्या डिझेल यंत्रणेचा, पंप आणि इंजेक्टर यांना वाळूचा कण चालत नाही. वाटीला सहसा दोन कपलर असतात: बारीक वायरींचा पाण्याच्या सेन्सरचा आणि जाड वायरींचा हीटरचा. खूण करून ठेवा.

हीटर तीन पद्धतींनी बसवलेला असतो. काही गाड्यांत तो फिल्टरचं डोकं आणि फिल्टर यांच्यामध्ये चकतीसारखा, मधल्या स्टडवर. काहींत डोक्यात बाजूने आत घातलेला, दोन स्क्रूंवर. काहींत वाटीच्या तळाला. चकतीवाल्यात दोन्ही बाजूंना सील असतं आणि वरचं जुनं सील डोक्याला चिकटून राहतं. ते न बघता नवं घातलं की सीलवर सील बसतं, गाडी पहिल्या चढाला हवा घेते. बोट फिरवून खाच रिकामी आहे ना ते बघा. नव्या सीलला डिझेलचा हात लावा, ग्रीसचा नको. आवळायचं किती ते फिल्टरवर छापलेलं असतं. सील टेकल्यानंतर अर्धा ते पाऊण फेरा असं बहुधा. पट्टा पाना उघडायला, बसवायला हात. हीटरची बॉडी प्लॅस्टिकची असेल तर जास्तीच्या जोराने ती केसासारखी तडकते आणि ती चीर उन्हात दिसत नाही.

कपलर नवा, वायरीच्या तुकड्यासकट. कडक झालेली वायर मऊ लागेपर्यंत कापून टाका. जोड पीळ मारून टेप गुंडाळून करू नका. क्रिम्पिंगचा जोड आणि त्यावर गोंदवाली हीट-श्रिंक नळी. वायरीची जाडी मूळ वायरीपेक्षा कमी नको, दहा-बारा अँपिअरला अडीच स्क्वेअर एमएम तरी. वायरीला फिल्टरच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून कपलरमध्ये न जाता झोळाच्या तळाशी गळेल.

फ्यूज जितक्या अँपिअरचा होता तितक्याचाच. ‘सारखा उडतो म्हणून मोठा टाकला’ किंवा ‘सिगारेटच्या चांदीत गुंडाळला’ अशी गाडी आली तर मी पहिल्यांदा वायरिंग उघडतो, हीटर नंतर.

बदलल्यानंतर नवाच त्रास

हीटर बदलून झाला, गाडी सुरू झाली, मालक खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ लांबतो. मालकाला वाटतं हीटर पुन्हा गेला. हीटरचा काही संबंध नसतो, सील हवा घेतेय.

प्री-फिल्टर पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. तिथे सील नीट बसलं नसेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. कपडा फिरवून ‘कुठे ओलं नाही, म्हणजे लीक नाही’ असं म्हणणारे इथेच फसतात. फिल्टरनंतरच्या नळीच्या जागी हातभर पारदर्शक नळी लावा, इंजिन चालवा आणि बघा. हवा काढल्यानंतरचे सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे सोडून द्या. पाच मिनिटांनंतरही बुडबुड्यांची माळ चालू असेल तर सील पुन्हा उघडा.

हवा काढताना ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्रायमर, म्हणजे डिझेल ओढायचा हातपंप, मारायचा, फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत. प्रायमर कडक झाला पाहिजे. जुन्या सवयीने इंजेक्टरचे पाइप सैल करून हवा काढायला जाऊ नका, कॉमन रेलमध्ये चालू इंजिनावर तर मुळीच नाही. त्या पाइपात हजार-दीड हजार बारपेक्षाही जास्त दाब असतो, ती धार कातडी फाडून आत जाते. मुख्य फिल्टर बदलला असेल तर तो कॅनमधलं डिझेल वरून ओतून भरू नका, ते डिझेल गाळलेलं नसतं. प्रायमरने भरू द्या, हात दुखले तर दुखले.

हीटर नसला तर चालेल का?

गाडी कोकण-मुंबई-पुणे एवढ्यातच फिरत असेल तर हीटर मेला तरी वर्षानुवर्षं कळणारही नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर घाईही नाही. बिघडलेल्या हीटरचा कपलर काढा, त्याच्या तोंडावर रबरी टोपी बसवा, वायर बांधून ठेवा. उघडा लोंबता कपलर ठेवू नका, त्यात करंट असतो. काही गाड्यांत चेक लाइट लागेल, ते बघून ठरवा. पण निफाडचा पारा थंडीत चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, आणि विदर्भातही एखादी रात्र तशी येते. पहाटे बाजार समितीसमोर उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर हीटर चालू असलेला बरा. उत्तरेला जाणाऱ्या गाडीला तर पर्याय नाही.

हीटर नसताना ड्रायव्हर दोन उपाय करतात. एक, डिझेलमध्ये रॉकेल. त्याने मेण उशिरा बसतं हे खरं, पण रॉकेलमध्ये वंगण कमी, आणि कॉमन रेलचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. त्यात रॉकेलमधलं गंधक बीएस-६च्या १० पीपीएमच्या हिशेबात बसत नाही, सायलेन्सरमधली यंत्रणा बिघडते. रेशनचं निळं रॉकेल टाकीत सापडलं तर तो गुन्हा आहेच. दुसरा उपाय टाकीखाली जाळ. जुन्या लोखंडी टाकीवर लोकांनी आयुष्यभर केला असेल, पण आता भोवती प्लॅस्टिकच्या नळ्या, युरियाची टाकी, वायरिंग, सगळंच जळणारं. फिल्टर मेणाने तुंबलाच असेल तर जाड कपडा गुंडाळून त्यावर गरम पाणी ओता, कपलरवर पाणी न जाऊ देता. ढाब्यावर गरम पाणी मिळतं.

मेण टाळायचा चांगला मार्ग टाकीतच आहे. जम्मूच्या आधी टाकी पाऊण रिकामी होईल असा हिशेब ठेवा आणि थंड पट्ट्यात शिरताना तिथल्याच पंपावर भरा. तिथे थंडीत जे डिझेल येतं ते तिथल्या हवेसाठीचं असण्याची शक्यता जास्त. भरल्यानंतर वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवा, म्हणजे ते नवं डिझेल फिल्टर, पंप, परतीची नळी सगळीकडे पोचेल. पंपावर भरून लगेच तिथेच मुक्काम केला तर टाकीत नवं डिझेल आणि फिल्टरमध्ये मात्र मैदानातलंच. मुक्कामाआधी सेपरेटरचं पाणी काढा, इंजिन गरम असतानाच, आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी चावी चालू ठेवून हीटरला एक-दोन मिनिटं द्या. गाडीत फिल्टरचा एक जादा संच, योग्य अँपिअरचे दोन-चार फ्यूज आणि हीटरचा नवा कपलर असू द्या. हीटर तिकडे मिळेल, आपल्या मॉडेलचा कपलर मिळेलच असं नाही.